‘तोडणी’: स्लॅशरपटांना कोल्हापुरातून मानवंदना (प्रकल्प नोंदी)

28 सप्टेंबर 2024

फिल्मचं नाव पक्कं झालं: ‘तोडणी’. लांबी वीस मिनिटांच्या आत. जागा उसाचा फड आणि एक गुऱ्हाळ. 1978 ते 1984 या काळात अमेरिकेत जे स्लॅशरपट (एक खुनी हत्यार घेऊन एकेकाला गाठतो असे भयपट) आले आणि ज्यांचे पुढं भागांवर भाग निघाले, त्यांना ही आमची मानवंदना. पैसे आमच्याच खिशातले. तिकीट नाही, देणगी नाही, जाहिरात नाही.

आमच्यातले निम्मे लग्नाचं शूटिंग करतात, एक उद्यमनगरात लेथवर आहे, एक शाळेत चित्रकला शिकवतो. हे सिनेमे आम्ही शाळकरी वयात भाड्याच्या सीडीवर बघितले, तेव्हा नुसते घाबरलो. आता स्वतः कॅमेरा धरतो म्हणून त्यातली कारागिरी दिसते. जॉन कारपेंटरचा ‘हॅलोविन’ तीन-सव्वातीन लाख डॉलरात झाला. गोष्ट इलिनॉयमधल्या पानगळीच्या दिवसांतली, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात ऐन वसंतात. झाडं हिरवीगार. मग यांनी पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरली. त्या पानांवर माझा फार जीव आहे. मानवंदना द्यायची ती या मेहनतीला, हे आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

घरून एक प्रश्न आला: हे परक्यांचं खूळ कोल्हापुरात कशाला? त्याचं उत्तर खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी उभं आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट केला, 1920 साली. त्यातला भीमानं केलेला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. पडद्यावर माणूस मारून प्रेक्षकाचं काळीज हलवायची विद्या या गावाला शंभर वर्षांपासून येते.

5 ऑक्टोबर

हक्कांचा विषय एकदाच नीट बसून संपवला, कारण फॅन फिल्म म्हटली की हा विषय आधी येतो.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 खासगी वापर, समीक्षा, वृत्तांकन अशा कामांना सूट देतं. ‘चाहत्यांनी प्रेमापोटी केलं’ म्हणून वेगळी सूट त्यात नाही, आणि फुकट दाखवलं म्हणून कुणाचं पात्र आपलं होत नाही. तिकडंही कंपन्या डोळेझाक करतात तोवर चालतं. ‘स्टार ट्रेक’च्या मालकांनी एका लोकवर्गणीतल्या फॅन फिल्मवर दावा लावला आणि 2016 मध्ये नियमच काढले: एक गोष्ट पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून तीस, वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या वर नाही.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा गुंता तर निराळाच. 1980 च्या पहिल्या चित्रपटाचे लेखक व्हिक्टर मिलर यांनी तिकडच्या कायद्याच्या आधारानं पटकथेचे अमेरिकेतले हक्क परत मागितले. 2018 मध्ये खालच्या कोर्टात आणि 2021 मध्ये अपिलात ते जिंकले. पण या मालिकेचा सगळ्यांना माहीत असलेला खुनी जेसन, तो पहिल्या चित्रपटात खुनी नाहीच, त्याची आई आहे. जेसन मोठा होऊन हातात हत्यार घेतो तो 1981 च्या दुसऱ्या भागात, आणि हॉकीचा मुखवटा चढतो 1982 च्या तिसऱ्या भागात. पटकथा एकाकडं, पुढच्या जेसनवर दावा दुसऱ्याचा. 2009 नंतर बरीच वर्षं मोठ्या पडद्यावर नवा भाग आला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत चाहत्यांनी आपले सिनेमे केले. 2017 चा ‘नेव्हर हाइक अलोन’ मला त्यातला सगळ्यात शहाणा वाटतो. रानात एकटा भटकणारा एक पोरगा, त्याच्या हातात कॅमेरा आणि समोर जेसन. बस्स. माणसं कमी, जागा मोठी, म्हणून भीती पसरायला वाव मिळतो. पुढं त्यात जेसनशी झुंजणारा मूळ मालिकेतला टॉमी जार्विस येतो, आणि 1986 च्या सहाव्या भागात ती भूमिका करणारे थॉम मॅथ्यूजच तो करतात. चाहत्यांच्या कामाला मूळ नटानं येऊन हात लावावा, यापेक्षा मोठी पावती नाही.

आमचा निर्णय: नाव, मुखवटा, संगीत, संवाद यातलं काहीही उचलायचं नाही. घ्यायची ती नजर. कॅमेरा कुठं उभा राहतो, खुनी किती वेळ नुसता उभा राहतो, आवाज कधी बंद होतो, ते घ्यायचं. ओळखणारा ओळखेल.

16 ऑक्टोबर, कोजागरी

पटकथेचा दुसरा खर्डा. आज भोगावतीकाठच्या बांधावर चांदण्यात कॅमेरा लावून बघितला. चंद्र एकटा पुरत नाही, पण उसाच्या तुऱ्यांची कड उजळते. मागून एक थंड निळसर दिवा दिला तर आकृती सुटी दिसेल.

पटकथेत आज सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर गेला. खुन्याच्या हातात कोयता, जागा उसाचा फड. म्हणजे बघणारा पहिल्याच मिनिटाला ठरवणार की खुनी ऊसतोड मजूर. बीडकडून सहा महिने पोरंबाळं घेऊन येणारी माणसं, पालात राहणारी, पहाटे फडात उतरणारी. त्यांना आपण पडद्यावर राक्षस करायचं? मला हे अजिबात मान्य नाही. म्हणून उलटं केलं. शेवटपर्यंत जी वाचते, ती ऊसतोड मजुरांच्या टोळीतली सगुणा. गुऱ्हाळ बघायला शहरातून आलेली चार पोरं आहेत, त्यांना फड म्हणजे फोटो काढायची जागा. जुन्या स्लॅशरपटांत गावातला कुणीतरी ‘तिकडं जाऊ नका’ एवढं सांगून पडद्याआड जातो. आमच्यात तोच माणूस नायिका आहे.

खुनी कोण, का मारतो, हे सांगायचं नाही. 1978 च्या ‘हॅलोविन’चा खुनी मायकल मायर्स भितीदायक आहे तो त्याला कारण नाही म्हणून. नंतरच्या भागांनी कारणं दिली आणि तो लहान झाला, असं माझं ठाम मत आहे.

मुखवट्याचीही वाट मिळाली. दुसऱ्या भागात जेसनच्या डोक्यावर पोतं आहे आणि तिसऱ्यात तो एका मस्करीखोर पोराचा मुखवटा घेतो. आमचा खुनी पहिल्या अर्ध्या भागात डोक्यावर गुळाचं गोणपाट घालून फिरेल. चार पोरांतला एक मूर्तिकाराचा मुलगा, दोस्तांना घाबरवायला कारखान्यातला अर्धवट मुखवटा घेऊन आलेला. तो मुखवटा पुढं खुन्याच्या तोंडावर जाईल.

27 ऑक्टोबर

नवरात्राच्या मूर्ती होऊन गेल्यावर बापट कॅम्पातल्या मूर्तिकार काकांना सवड मिळाली. दिवसभर त्यांच्याकडं.

पीओपीच्या मूर्तींसाठी रबराचे साचे करणं हे यांचं नेहमीचं काम, त्यामुळं रबराचं द्रावण कसं वागतं हे मी सांगायची गरजच पडली नाही. फक्त काम उलटं करायचं होतं: नेहमी रबर साचा असतो, इथं रबर हाच माल. आधी खुन्याचं काम करणाऱ्या आमच्या पैलवानाच्या चेहऱ्याच्या मापावर शाडूत तोंड घडवलं. त्यावर पीओपीचा दोन पाळ्यांचा साचा. माती काढून साचा धुऊन वाळवला की आतून द्रावणाचा एकेक हात द्यायचा, प्रत्येक हात वाळू द्यायचा. सोलताना टाल्कम पावडर मारायची, नाहीतर रबर रबराला चिकटतं आणि मग सुटता सुटत नाही.

काकांना मी ‘हॅलोविन’च्या मुखवट्याची गोष्ट सांगितली. बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा दोनेक डॉलरला आणला. सिनेमाचं कलादिग्दर्शन करणाऱ्या टॉमी ली वॉलेसनं त्याचे कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग मारला. ओळखीचा चेहरा होता, त्याचा कुणाचाच चेहरा राहिला नाही.

काका शाडूच्या नाकावरून ओला अंगठा फिरवत ऐकत होते. म्हणाले, “डोळं आखलं की मूर्ती बघाय लागती. तुमच्या गड्याला बघाय लावायचं नसंल, तर आखूच नका की.”

डोळ्यांची आखणी म्हणजे या कामातला सगळ्यात वरचा मान. कारखान्यात हाताखाली कितीही पोरं असोत, आखणी काका स्वतः करतात, श्वास रोखून. तीच इथं सोडून द्यायची. भुवया नाहीत, पापणीची रेघ नाही. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे, आतून काळी जाळी लावलेली, म्हणजे पैलवानाला पायाखालची सरी दिसेल पण बाहेरून आत काही दिसणार नाही. रंगही पांढराशुभ्र नको म्हणाले. कच्च्या शाडूचा राखाडी ठेवला. संध्याकाळी कारखान्यातल्या एकाच पिवळ्या बल्बखाली काकांनी तो हातात धरून हळूहळू वळवला. वरून उजेड पडला तर झोपलेला वाटतो, बाजूनं पडला तर रागावलेला. खालून दिवा द्यायचा नाही, हे तिथंच ठरलं, कारण खालून तो नुसता राक्षस दिसतो.

9 नोव्हेंबर

कोयता. खरा कोयता सेटवर येणार नाही, एकदाही नाही. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या मामांनी सागवानात हुबेहूब कोयता कोरून दिला. त्याचा साचा घेऊन मऊ रबराचे दोन नग ओतले, पात्याला रुपेरी हात मारला, मूठ मात्र खऱ्या जुन्या कोयत्याची लावली. हातात घेतला की वजन पटतं, पातं बोटानं वाकतं. जवळून दाखवायला लाकडी, पळापळीत रबरी.

‘फ्रायडे’चा मेकअप करणाऱ्या टॉम सॅव्हिनीची जुनी युक्ती होती, पात्यातून डोक्याच्या आकाराचा तुकडा कापून घेतला की हत्यार रुतल्यासारखं दिसतं. तसा एक नगही पॅटर्नमामांनी हौसेनं केला. वापरू की नाही ते अजून ठरलं नाही.

18 नोव्हेंबर

परवा मतदान. आचारसंहिता उठेपर्यंत रात्रीच्या शूटिंगचा अर्ज द्यायचा नाही. गळीत हंगाम 15 तारखेला सुरू झालाय, तोडीच्या गाड्या दिसायला लागल्यात. शेतमालक म्हणतात, तुमच्या प्लॉटला तोड जानेवारीच्या शेवटी येईल. म्हणजे ऊस उभा आहे तोवर सगळं उरकायला हवं. पुन्हा घेऊ म्हणायला ऊस जागेवर नसेल.

24 नोव्हेंबर

रक्ताची चाचणी, चित्रकलेच्या सरांच्या गच्चीवर.

तिकडचे मेकअपवाले कॉर्न सिरप आणि खाण्याचा रंग वापरायचे. आम्ही दोन पाकं केली. एक, मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज. दुसरं, आपली काकवी. दोन्हींत खाण्याचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब, दाटपणाला चिमूटभर कोको. काकवीचं रक्त वाळत आलेल्या जखमेला फार खरं दिसतं, कारण तिचा मूळ तपकिरी रंग आतून येतो. पण निळ्या उजेडात ते थेट काळं पडतं, आणि अर्ध्या तासात मुंगळ्यांची रांग लागली. ताज्या जखमेला ग्लुकोज, जुन्या डागाला काकवी, असं वाटून टाकलं.

पोरांना ‘फ्रायडे’तल्या बाणाच्या दृश्याची गोष्ट सांगितली. केविन बेकन पलंगाखाली गुडघ्यावर, त्याचं खरं डोकं वर काढलेलं, खालचा गळा आणि छाती खोटी. बाण गळ्यातून वर येतो तेव्हा रक्ताच्या पंपाची नळी निसटली. सॅव्हिनीच्या मदतनीसानं नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकली, आणि म्हणून ते रक्त तसं उसळून येतं. पडद्यावर राहिलेला तो क्षण एका माणसाच्या फुफ्फुसातून आलेला आहे. आमच्या मेकअपवाल्या पोरीनं लगेच सलाइनची नळी आणून फुंकून बघितली. जमतं.

1 डिसेंबर

आजची नोंद मला सगळ्यात मोलाची. सगुणाचं काम करणारी नाट्यशाखेची पोरगी आणि मी, सकाळी सात ते दुपारपर्यंत टोळीबरोबर फडात.

आम्हाला वाटत होतं कोयता म्हणजे उचलायचा आणि हाणायचा. तसं नाही. डाव्या हातानं उसाला मिठी घालून जरा वाकवायचं, म्हणजे बुडखा ताणला जातो, आणि मग कमरेत वाकून जमिनीलगत एकच तिरका घाव. वर राहिला तर ऊस वाया जातो आणि मुकादम बोलतो. मग पाला काढायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांच्यातलं एक आजारी पडलं की त्या दिवसाची तोड बसली. टोळीतल्या एका मावशींनी आमच्या पोरीचं मनगट धरून कोन बदलला. “ताकद लावू नगं. कोयत्यालाच जाऊ दी.” दुपारी तिचा घाव बसायला लागला तेव्हा मावशींनी तिला आपल्या भाकरीतली अर्धी दिली.

परत येताना शेवट बदलला. जुन्या पटकथेत सगुणा लांब पळते. आता ती पळणारच नाही. वाळलेल्या पाचटात कुणीही पाय टाकला की कुरकुर होते, खुनी कितीही सावकाश चालला तरी. म्हणून ती एका जागी बसून ऐकते. तो जवळ येतो, तिच्यासमोर त्याचा पाय पडतो, आणि ती दिवसभर जो घाव घालते तोच घालते, बुडख्यातून. दाखवायचा मात्र ऊस पडताना.

13 डिसेंबर, शुक्रवार

रात्रीचं पहिलं शूटिंग मुद्दाम आज. शुक्रवार आणि तेरा तारीख, शिवाय पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळं चंद्र अंधार पडायच्या आधीच वर आलेला. परवानगीचं पत्र खिशात, शेजारच्या वस्तीवर घरोघरी जाऊन सांगून आलो होतो, म्हणजे किंकाळी ऐकून कुणी काठ्या घेऊन यायला नको.

प्लॉट 86032 या जातीच्या उसाचा, आडसाली (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायचा), माथ्याच्या वर गेलेला. शेतमालकांनी सरी साडेचार फुटांची ठेवलीय, म्हणून हाच निवडला. जुन्या तीन फुटी सरीत कॅमेरा घेऊन माणूस वळत नाही. सगळ्यांना गमबूट आणि पूर्ण बाह्या, कारण उसाची पात कापते आणि पाचटाखाली घोणस असू शकते. काडीपेटी गाडीतच. वाळल्या पाचटाला ठिणगी पुरते, म्हणून तापणारा हॅलोजन नाही, दोन एलईडी पॅनेल कळकावर बांधले आणि फवारणीचा पंप पाण्यानं भरून बाजूला ठेवला.

आमचा खुनी शिवाजी पेठेतल्या तालमीतला पैलवान. त्याला शिकवायला सगळ्यात अवघड गेलं ते चालणं. पैलवान आखाड्यात उतरल्यासारखा चालतो, आधी खांदे येतात, मग माणूस. ‘हॅलोविन’मध्ये मुखवट्यातला मायकल करणाऱ्या निक कॅसलला दिग्दर्शकानं सांगितलं होतं, नुसता चाल. आमच्या गड्यानं महिनाभर पहाटे रंकाळ्यावर नुसतं चालून ते अंगात आणलं. आज गोणपाट घालून तो सरीच्या टोकाला उभा राहिला तेव्हा खांदे उतरलेले, हात लोंबते. काहीच करत नव्हता.

तोच आजचा मुख्य शॉट. पुढं दोन पोरं मोबाईलच्या रेंजवरून भांडतायत, मागं सरीच्या टोकाला एक उभी आकृती. कॅमेरा तिच्याकडं वळत नाही, संगीत तिची ओळख करून देत नाही. पोरांचं भांडण संपतं, ती निघून जातात, आकृती तिथंच. बघणाऱ्यानं स्वतः शोधायची. कारपेंटर आणि कॅमेरामन डीन कंडी यांनी चौकटीच्या कोपऱ्यातला अंधार जसा जपून ठेवला, तसा आम्ही तो जपला. मॉनिटरवर कुणीतरी म्हणालं, जरा दिवा वाढवूया, दिसत नाही. नाही वाढवला.

रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या शेतात रात्रपाळीची लाईट आली, पंप सुरू झाला आणि बांध फुटून पाणी आमच्या सरीत शिरलं. चिखलात उभं राहून उरलेले शॉट घेतले. ओल्या सरीत चंद्राची एक लांब रेघ पडली, ती आम्ही मागितली असती तरी मिळाली नसती.

14 डिसेंबर

दत्तजयंती. अर्धी टीम नृसिंहवाडीला. फुटेजच्या दोन प्रती करून ठेवल्या.

21 डिसेंबर

पंचगंगेपलीकडचं गुऱ्हाळ. मालकांनी जागा आनंदानं दिली, पण अट घातली: “हितं रक्ताचा थेंब सांडायचा न्हाई. खोटा असला तरी.” बरोबरच आहे. तिथं लोकांच्या तोंडात जाणारा गूळ होतो, चुलवाणाची पूजा होते. आमच्या मेकअपवाल्या पोरीचा चेहरा उतरला, कारण नळीची सगळी तयारी या दृश्यासाठी होती.

मला मात्र या अटीनं वाट दाखवली. ‘हॅलोविन’ पुन्हा बघितला तर कळतं, त्यात रक्त जवळजवळ नाहीच. लोकांना आठवतं तेवढं तिथं काहीच नाही. मग आम्ही रसाकडं बघितलं. चरकातून आलेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, गूळ करणारा गुळव्या ती काढत राहतो, खाली जाळ सांभाळणारा जळव्या चिपाडं घालत असतो. पाक व्हायला आला की काहिलीवर वाफेची भिंत उभी राहते. त्या वाफेच्या मागं एक पिवळा बल्ब लावला. पोरगा वाफेत शिरतो, सावली दिसते. दुसरी सावली येते. कोयता धरलेला हात वर जातो, आणि त्याच वेळी गुळव्याची लांब फावडी काहिलीत पडते. वाफ निवळते तेव्हा काहिलीजवळ कुणीच नाही, आणि आधीच्या शॉटमध्ये जमिनीवर असलेला तो अर्धवट मुखवटाही नाही.

गुळव्याकाका स्वतःच दृश्यात आहेत. त्यांना पाक बघायचा होता, आमचं काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आणि तेच पडद्यावर भयंकर दिसतं. या सिनेमातला माझा सगळ्यात आवडता मृत्यू हाच. तुकडा कापलेला कोयता पेटीतच राहील.

5 जानेवारी 2025

सुरुवातीचा लांब शॉट. खुन्याच्या डोळ्यांतून: सरीतून चालत गुऱ्हाळाच्या दिव्याकडं, खुंटीवरचा कोयता उचलणारा हात. 1978 च्या सुरुवातीच्या शॉटमध्ये लहानग्या मायकलचे म्हणून जे हात दिसतात ते निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिलचे. आमचा हात आमचा हिशेब सांभाळणाऱ्या मैत्रिणीचा. तिनं बांगड्या काढून ठेवल्या, बोटाला शाईची खूण तेवढी राहू दिली.

कॅमेरा हलू न देणाऱ्या गिंबलच्या मोटारीत पात अडकायची, म्हणून पुढं एक जण वाकून ऊस दोन्ही हातांनी बाजूला धरत चालला. पान भिंगावर येतं तिथं कट लपवला. मूळ शॉटमध्येही लपवलेले कट आहेत, ते शोधायचा मला वर्षानुवर्षं नाद आहे.

19 जानेवारी

प्लॉटला तोड आली. रिकामं रान. आवाजासाठी टोळीची तोडणी दिवसभर रेकॉर्ड केली, पाचटावरची पावलं वेगळी, मोळी ट्रॉलीत पडताना वेगळी.

संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीनं ‘फ्रायडे’ला लावलेला नियम आम्ही तसाच पाळतोय: खुनी जवळ असेल तरच संगीत. खोटी भीती दाखवायला वाजवायचं नाही. यानं प्रेक्षकाचा विश्वास बसतो, आणि विश्वास बसला की शांतताही काम करते.

2 फेब्रुवारी

हलगी. ‘हॅलोविन’ची धून पाच मात्रांची आहे, कारपेंटरला त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर तो ठेका शिकवला होता. धून आम्हाला नको होती, ते लंगडणं हवं होतं. हलगीवाले दादा मिरवणुकीत आणि खासबागेत कुस्तीला वाजवतात, हात चालतो तो चारच्या घरात. त्यांना म्हटलं, तीन, तीन, दोन, दोन असं मोजा. त्यांनी झांज बाजूला ठेवली, मांडीवर बोटांनी मोजलं आणि मग टिपरूनं धरलं. फिरून समेवर येताना दर वेळी पाय चुकल्यासारखा वाटतो. खोलीतला एकही जण मान हलवू शकला नाही. “नाचता येत न्हाई ह्याच्यावर,” दादा म्हणाले. तेच हवं होतं. त्यांनी एकट्यानं, एका दमात वाजवलेलं जसंच्या तसं घेतलं.

16 फेब्रुवारी

संकलन. सतरा मिनिटांवर आलं. गच्चीवरचं रक्त आता फक्त एका शॉटमध्ये उरलंय, सगुणाच्या पदराला लागलेला काकवीचा जुना डाग. मेकअपवाल्या पोरीनंच तो एवढाच ठेवू म्हणून आग्रह धरला.

2 मार्च

हंगाम आवरत आलाय, टोळ्या परतायला लागल्यात. त्या जायच्या आधी दाखवायचं होतं, म्हणून काल रात्री गुऱ्हाळाच्या अंगणात पडदा लावला. मालक, गुळव्याकाका, टोळीतली पंचवीसतीस माणसं, मूर्तिकार काका, तालमीतली पोरं. मुखवटा पहिल्यांदा पूर्ण दिसतो तिथं मागच्या रांगेतली बारकी पोरं आयांच्या मागं गेली. सगुणा बसून ऐकायला लागली तसा बायकांच्या बाजूनं “हलू नगं, हलू नगं” असा आवाज येत राहिला.

संपल्यावर मावशी पुढं आल्या. घाव बरोबर बसलाय म्हणाल्या, पण आवाज चुकलाय: “त्यो वाळल्या उसाचा आवाज हाय. हिरवा असा वाजत न्हाई.” आज सकाळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. वाळका खट्ट वाजतो, हिरवा जरा ओला, दबका. शेवटच्या दृश्यातले दोन्ही घाव बदलले, मिक्स पुन्हा केला. श्रेयनामावलीत तोडणीच्या मार्गदर्शनाखाली मावशींचं नाव घातलं, त्याखाली 1978 आणि 1980 च्या मूळ कलाकारांचे आभार, आणि ही फिल्म विनामूल्य असल्याची ओळ. फाइल रेंडरला लावली आहे. रात्री चढवतोय.